मिठाचा दुसरा अर्धा भाग : मिरगी, मेंदू आणि क्लोराइडचा इतिहास

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण पुढच्या आयुष्यात आपण फक्त सोडियमचंच नाव ऐकतो. बीपी वाढला की डॉक्टर सोडियम कमी करा म्हणतात. म्हातारा माणूस उन्हाळ्यात बरळायला लागला की रक्तातलं सोडियम तपासतात. क्लोराइडची चौकशी क्वचितच होते. ते सोडियमच्या मागेमागे येणारं, स्वतःचं काही काम नसलेलं, अशीच समजूत होती. बराच काळ शास्त्रज्ञही त्याच्याकडे असंच पाहत होते.

ही समजूत चुकीची ठरली त्याला आता पाऊणशे वर्षं होतील. मेंदूतली प्रत्येक चेतापेशी आपल्या आत क्लोराइड किती ठेवते, यावर मेंदू शांत राहणार की एकदम भडकणार हे बऱ्याच अंशी ठरतं. मिरगीचा झटका, तान्ह्या बाळाला येणारे आचके, आणि तेच औषध मोठ्याला लागू पडतं पण बाळाला पडत नाही हे कोडं, या सगळ्याच्या मुळाशी हा दुर्लक्षित पदार्थ आहे.

हा विषय प्रयोगशाळेतला असला तरी मला तो वडवणीच्या गल्लीतला वाटतो. आमच्याकडे या आजाराला जेवढी नावं आहेत तेवढी क्वचितच दुसऱ्या आजाराला असतील. मिरगी, फेपरं, आकडी, झटके, फिट. शिवाय ‘बाहेरचं’, ‘लागीर’, ‘साया’, ‘असर’. नावं इतकी आहेत, पण आजाराबद्दल बोलणं मात्र दबक्या आवाजात. म्हणून त्याचा इतिहास मोकळेपणाने सांगावासा वाटला.

उम्मुस सिबियान आणि बालग्रह

अरबीत मिरगीला ‘सरअ’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ खाली पाडणं. काही तरी माणसाला उचलून जमिनीवर आपटतं, ही कल्पना त्या शब्दातच आहे. लहान मुलांच्या झटक्यांना युनानी वैद्यकात ‘उम्मुस सिबियान’ असं वेगळं नाव आहे. शब्दशः अर्थ, मुलांची आई. हकिमांच्या पुस्तकात हे आजाराचं नाव होतं, पण लोकांच्या तोंडी येता येता ती मुलांच्या मागे लागणारी एक अदृश्य बाई झाली. तिच्यासाठी तावीज आले, गंडे आले. शेजारच्या हिंदू घरांत हाच आजार ‘बालग्रह’ या नावाने ओळखला गेला. आयुर्वेदातही तो ग्रहाने धरल्याचा प्रकार मानला जाई. नावं वेगळी, देव्हारे वेगळे, पण पाचव्या-सहाव्या दिवशी बाळाचे हातपाय आखडले की दोन्ही घरांतली आई सारखीच घाबरायची. आणि दोन्ही घरांत पहिला संशय तिच्यावरच यायचा. गरोदरपणी कुठं गेली होतीस, काय ओलांडलंस, कुणाच्या सावलीत बसलीस?

आपल्या परंपरेत फक्त तावीजच होते, असं मात्र नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत मिरगी असलेल्या एका स्त्रीचा प्रसंग आहे. तिने पैगंबरांकडे येऊन सांगितलं की झटका आला की अंगावरचे कपडे सरकतात. आजार सहन करण्याबद्दल जन्नत किंवा बरं होण्यासाठी दुआ, असे दोन पर्याय तिच्यासमोर ठेवले गेले. तिने सब्र पत्करला, पण आपली अब्रू झाकलेली राहावी एवढी दुआ मागितली, आणि ती केली गेली. या प्रसंगात कुणी तिला मारलं नाही, बांधलं नाही, तिच्या चारित्र्यावर बोट ठेवलं नाही. तिची चिंता सन्मानाची होती आणि ती ऐकून घेतली गेली.

वैद्यकाची वाटही वेगळी होती. ख्रिस्तपूर्व काळातच हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक वैद्यांनी सांगितलं होतं की हा आजार दैवी नाही, तो मेंदूचा आहे. तो धागा अरबी वैद्यकाने उचलला. १०३७ साली वारलेल्या इब्न सीना यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात मिरगीची चर्चा मेंदूच्या आजारांमध्ये केली आणि मेंदूच्या पोकळ्यांतल्या अडथळ्याशी तिचा संबंध जोडला. कारण चुकीचं होतं, पण पत्ता बरोबर होता. पुढे इब्न अल-कय्यिम यांच्यासारख्या विद्वानांनी मिरगीचे दोन प्रकार मानले, एक दुष्ट आत्म्यांचा आणि एक शरीरातल्या दोषाचा, आणि दुसरा प्रकार हकिमांकडे सोपवला. मोहल्ल्यात मात्र पहिलाच प्रकार टिकला. वडवणी आणि सगळा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याच राज्यात उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून वैद्यक शिकवत होतं. ते ज्ञान हैदराबादहून आमच्या गल्लीपर्यंत फारसं पोचलं नाही. आमच्याकडे पोचला तो कांदा आणि चप्पल. झटका आला की हुंगवा.

समुद्राच्या पाण्यातलं औषध

मिरगीवर खरोखर लागू पडणारं पहिलं औषध मिठाच्याच घरातून आलं. १८२६ साली फ्रान्सच्या मॉन्पेलिए शहरात आंत्वान बालार या तरुण रसायनशास्त्रज्ञाला मिठागरातल्या उरलेल्या खाऱ्या पाण्यात एक नवं मूलद्रव्य सापडलं. त्याला उग्र वास होता, म्हणून ग्रीक भाषेतल्या दुर्गंधीच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं ब्रोमीन. ब्रोमीन हे क्लोरीनचं भावंडं. आवर्त सारणीत एकाच उभ्या रांगेत, एकाखाली एक.

मे १८५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या एका सभेत मिरगीवर चर्चा चालू होती. त्यात राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स लोकॉक उठले. मासिक पाळीशी जोडलेल्या झटक्यांसाठी आपण पोटॅशियम ब्रोमाइड देतो आणि ते लागू पडतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच महिन्यात मेरठचे शिपाई दिल्लीत शिरले होते, त्यामुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ते साल वेगळ्याच कारणाने ठळक आहे. लोकॉक यांचं कारणमीमांसेचं तर्कट चुकीचं होतं. ब्रोमाइड वासना शमवतं आणि मिरगी वासनेतून येते, असा तेव्हाचा समज होता. पण औषध खरं निघालं. १८७० च्या दशकात लंडनच्या मज्जारोगांच्या राष्ट्रीय रुग्णालयात वर्षाला सुमारे अडीच टन ब्रोमाइड संपत होतं.

त्याचे दुष्परिणामही मोठे होते. अंगावर पुरळ, सतत गुंगी, बुद्धीवर झाकोळ. म्हणून १८९९ साली पॅरिसमध्ये तूलूज आणि शार्ल रिशे यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. त्यांनी रुग्णांच्या जेवणातलं मीठ कमी केलं. तेव्हा कमी ब्रोमाइडमध्ये तेवढाच गुण येऊ लागला. याचं कारण आज सोपं वाटतं. मूत्रपिंडाला क्लोराइड आणि ब्रोमाइड यांत फारसा फरक करता येत नाही. जेवणातून क्लोराइड कमी आलं की शरीर ब्रोमाइडही धरून ठेवतं. मिरगीच्या झटक्यांचा क्लोराइडशी काही संबंध असावा, याची ही पहिली खूण होती. पण ती वाचणारा तेव्हा कुणी नव्हता. चेतापेशीचं ‘दार’ अजून कुणी पाहिलंच नव्हतं.

१९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर मिरगीच्या रुग्णांच्या वॉर्डाजवळ राहत होता. रात्रीच्या झटक्यांनी कुणाचीच झोप होईना, म्हणून त्याने रुग्णांना नवं झोपेचं औषध दिलं, फिनोबार्बिटॉल. झोप तर लागलीच, पण झटकेही कमी झाले, आणि ते दिवसाही कमी झाले. आपल्याकडे गार्डिनलची गोळी म्हणून जी ओळखली जाते ती हीच. शंभर वर्षांहून अधिक काळ गरिबांच्या घरात मिरगीशी लढणारं हे सर्वांत स्वस्त औषध आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे. हाउप्टमान ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना दाखाउच्या छळछावणीत टाकलं. तिथून सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला आणि अमेरिकेतच त्यांचा शेवट झाला. लाखो लोकांना शांत झोप देणाऱ्या माणसाला त्याच्या वंशामुळे स्वतःच्या देशात जागा उरली नाही. हा इतिहास कुठल्याही अल्पसंख्याक वाचकाने लक्षात ठेवावा असा आहे.

कॅनबेराची मांजर

औषध होतं, पण ते काय करतं हे माहीत नव्हतं. १९५० साली मेंदूत गाबा नावाचा एक साधा रेणू भरपूर प्रमाणात सापडला. तो तिथं कशासाठी आहे, हे कळायला आणखी काही वर्षं गेली. दरम्यान ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा शहरात जॉन एक्ल्स आणि त्यांचे सहकारी मांजराच्या मणक्यातल्या चेतापेशीत केसाहून बारीक काचेची नळी खुपसून तिच्या आतली वीज मोजत होते. एका चेतापेशीने दुसरीला ‘थांब’ असा संदेश दिला की दुसरीच्या आतली वीज आणखी ऋण होते, हे त्यांना दिसलं.

१९५५ साली छापलेल्या प्रयोगात त्यांनी त्या नळीतून पेशीच्या आत क्लोराइड सोडलं आणि पुन्हा तोच ‘थांब’चा संदेश दिला. या वेळी पेशी थांबली नाही, उलट चेतली. संदेश तोच, दार तेच. बदललं होतं ते फक्त आतलं क्लोराइड. या कामासह पुढच्या संशोधनासाठी एक्ल्स यांना १९६३ चं नोबेल मिळालं.

याचा अर्थ सोप्या भाषेत असा. चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट एवढी वीज असते. गाबा आला की पेशीच्या भिंतीतलं एक दार उघडतं आणि त्यातून क्लोराइड ये-जा करू शकतं. क्लोराइडवर ऋण भार असतो. बाहेर क्लोराइड भरपूर, साधारण १३० मिलीमोल, आणि प्रौढ पेशीच्या आत जेमतेम ५ ते १०. दार उघडलं की क्लोराइड आत घुसतं, पेशी आणखी ऋण होते, शांत होते. आत ७ असेल तर गणिताने पेशीची ओढ उणे ७८ कडे असते, म्हणजे शांततेकडे. पण आत २५ साचलं असेल तर तीच ओढ उणे ४४ कडे जाते. तेव्हा दार उघडलं की क्लोराइड बाहेर पडतं आणि पेशी भडकण्याच्या दिशेने सरकते. ब्रेक दाबावा आणि गाडीने वेग घ्यावा, तसं.

आता ब्रोमाइडचा हिशेबही लागतो. क्लोराइडच्या दारातून ब्रोमाइडही जातं, आणि जास्त सहज जातं. फिनोबार्बिटॉल ते दार अधिक वेळ उघडं ठेवतं. लोकॉक आणि हाउप्टमान दोघांनीही नकळत एकाच दाराला हात घातला होता.

विहिरीचा उपसा

पण आत क्लोराइड कमी राहतं कसं? दार तर दिवसातून असंख्य वेळा उघडतं. आमच्या भागात विहीर खोदताना जे करावं लागतं तेच पेशी करते. खोदकाम चालू असताना झऱ्यांतून पाणी येतच राहतं, म्हणून मोटार लावून सतत उपसा करावा लागतो. चेतापेशीच्या भिंतीत असे उपसा करणारे प्रथिनरेणू असतात. त्यातला मुख्य केसीसी-२. पेशीत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते उतारावरून बाहेर पडायला बघतं. केसीसी-२ त्याला बाहेर सोडतो, पण जाताना एक क्लोराइड सोबत न्यायची अट घालतो. उलट दिशेने काम करणारा दुसरा रेणू आहे एनकेसीसी-१. तो सोडियम आणि पोटॅशियमच्या जोडीने दोन-दोन क्लोराइड आत ओढतो.

दोन्ही रेणू स्वतः वीज खर्च करत नाहीत. ती खर्च करतो सोडियम-पोटॅशियम पंप, जो १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी शोधला. पोटॅशियम आत आणि सोडियम बाहेर ठेवण्याचं काम त्याचं, आणि त्याच उतारावर बाकीचे चालतात. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण ऊर्जेतला वाटा वीस टक्क्यांच्या आसपास आहे. त्या खर्चाचा मोठा भाग अशा उपशावर जातो. म्हणूनच प्राणवायू तुटला की लोडशेडिंगसारखी अवस्था होते. मोटार बंद, झरे चालू, विहीर भरायला लागते.

१९९९ साली हेलसिंकीच्या काइ काइला यांच्या गटाने, क्लाउदियो रिवेरा यांच्या नावे पहिला निबंध छापून, दाखवलं की गाबाला ‘शांत करणारा’ बनवतो तो केसीसी-२. तो पेशीत वाढत गेला की मेंदू वयात येतो. २००२ मध्ये पॅरिसमध्ये मिरगीच्या रुग्णांच्या शस्त्रक्रियेतून काढलेल्या मेंदूच्या तुकड्यांवर काम करताना दिसलं की काही पेशींत गाबा अजूनही भडकवतोय. प्रौढ मेंदूच्या त्या कोपऱ्यात उपसा बिघडला होता.

मुंबईची माशी

या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६२ मध्ये ओबैद सिद्दिकी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथं त्यांनी रेणुजीवशास्त्राचा विभाग उभा केला. उत्तर प्रदेशातल्या बस्तीत जन्मलेल्या या माणसाने पुढे फळमाशीवर काम केलं. तुम्ही केळ्यांच्या घडाभोवती ज्या बारीक माश्या पाहता, त्या. अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी अशा माश्यांचा अभ्यास केला ज्या तापमान वाढलं की एकदम लुळ्या पडतात आणि थंड झालं की पुन्हा उडतात. एका जनुकातल्या बिघाडाने चेतातंतूतली वीज थांबते, हे त्यातून दिसलं. १९७६ मध्ये तो निबंध आला. पुढे मुंबईत वेरोनिका रॉड्रिग्ज यांच्यासोबत त्यांनी माशीच्या चव आणि वासाच्या जनुकांचं काम केलं. बंगळुरूचं राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र उभं राहिलं तेही त्यांच्याच हातून.

माशीवर झटक्यांचा अभ्यास होऊ शकतो, हे अनेकांना हास्यास्पद वाटलं असेल. पण २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गटाने माशीतला क्लोराइड उपसणारा जनुक बिघडवला, तेव्हा नळीला टिचकी मारताच त्या माश्यांना झटके येऊ लागले. माशीपासून माणसापर्यंत उपशाची ही यंत्रणा किती जुनी आहे, ते यावरून कळतं. मोहल्ल्यातलं पोरगं शिकून काय करणार, असं विचारणाऱ्यांना मी सिद्दिकींचं नाव सांगतो.

बाळाचा मेंदू उलटा का वागतो

आता पुन्हा उम्मुस सिबियानकडे येऊ. नवजात बाळाच्या चेतापेशीत एनकेसीसी-१ जोरात असतो आणि केसीसी-२ अजून पुरेसा आलेला नसतो. म्हणजे आत क्लोराइड जास्त. १९८९ मध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत दाखवलं की त्या वयात गाबा पेशींना शांत करण्याऐवजी चेतवतो. हा दोष नाही. वाढत्या मेंदूला पेशी जोडायला अशा चेतनेची गरज असते. जिवंत प्राण्याच्या सबंध मेंदूत हा परिणाम नेमका किती आणि कसा असतो, यावर शास्त्रज्ञांत अजूनही वाद आहे. पण बाळाच्या झटक्यांसाठी त्याचा अर्थ गंभीर आहे. फिनोबार्बिटॉल क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. बाळाच्या पेशीत ते दार उघडून हवी तेवढी शांतता येतेच असं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत नवजात बाळांवर झालेल्या चाचणीत एकट्या फिनोबार्बिटॉलने निम्म्याहून कमी बाळांचे झटके आटोक्यात आले. दुसऱ्या औषधाचीही तीच गत होती.

प्रसूतीच्या क्षणी निसर्ग यावर एक उपाय करतो. २००६ मध्ये मार्सेयच्या संस्थेतून रोमान तिझिओ, कझानचे रुस्तम खझिपोव आणि बेन-आरी यांनी उंदरांवर दाखवलं की कळा सुरू झाल्या की आईच्या शरीरातलं ऑक्सिटोसिन बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतं आणि थोड्या वेळासाठी त्या पेशींतलं क्लोराइड कमी करतं. गाबा तेवढ्यापुरता शांत करणारा होतो, आणि प्राणवायूच्या तुटवड्यात मेंदू जपला जातो. आपल्याकडे ज्याला कळांचं इंजेक्शन म्हणतात त्याच रेणूची ही दुसरी कामगिरी. आईच्या अंगातून बाळाला बाधा जाते असं शतकानुशतकं सांगणाऱ्यांनी हे वाचायला हवं. उंदरांतला हा पुरावा तरी उलट सांगतो. त्या कठीण तासांत आईच्या अंगातून बाळाकडे जातं ते संरक्षण.

मग शास्त्रज्ञांना वाटलं, एनकेसीसी-१ बंद केला तर? बुमेटॅनाइड नावाची लघवी वाढवणारी जुनी गोळी तेच करते. २००५ मध्ये प्राण्यांवर आशादायक निकाल आले. युरोपात नवजात बाळांवर चाचणी सुरू झाली आणि ती लवकर थांबवावी लागली. २०१५ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार झटके पुरेसे थांबले नाहीत आणि वाचलेल्या ११ पैकी ३ बाळांची श्रवणशक्ती गेली. एनकेसीसी-१ कानाच्या आतही काम करतो, शिवाय हे औषध रक्तातून मेंदूत फार कमी शिरतं. २०२१ मध्ये बोस्टनच्या छोट्या चाचणीत थोडी आशा दिसली, पण त्याच वर्षी ऑटिझमसाठी याच औषधाच्या मोठ्या चाचण्या फायदा न दिसल्याने बंद झाल्या. तत्त्व खरं असलं तरी गोळी खरी ठरेलच असं नाही. आता शोध चालू आहे तो उपसा करणाऱ्या केसीसी-२ ला बळ देणाऱ्या औषधांचा.

कायद्यातली मिरगी, मोहल्ल्यातली मिरगी

या आजाराचा एक इतिहास न्यायालयातही आहे. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात, वारंवार येणारे वेडाचे किंवा मिरगीचे झटके असतील तर लग्नाला बाधा, अशी तरतूद आली. म्हणजे गोळी घेऊन धडधाकट जगणारी मुलगीही कायद्याने लग्नाला अपात्र. डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ मध्ये ‘मिरगी’ हा शब्द दोन्ही कायद्यांतून काढला गेला. केसीसी-२ चा तो निबंध आला त्याच वर्षी.

मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या कायद्यात वेडाचा उल्लेख आहे, मिरगीचा नाही. पण कायद्यात नसलेलं मोहल्ल्यात असतं. मुलीला झटके येतात हे लपवून लग्न लावलं जातं. सासरी कळू नये म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. गोळी एकदम बंद केली की झटका आधीपेक्षा जोरात येतो, कधी कधी जिवावर बेततो. मग ‘असर’ झाला म्हणून माहेरी पाठवलं जातं. मुलाला झटके येत असतील तर मात्र ‘लग्न झालं की बरा होईल’. वडवणीत हे हिंदू घरांत होतं, मुस्लिम घरांतही होतं. यात कुणाचा मजहब आड येत नाही, आड येते ती शरम.

फुगा आणि मुखवटा

बाळांच्या झटक्यांचं एक मोठं कारण जन्मताना गुदमरणं. बाळ रडत नाही, प्राणवायू तुटतो, पंप थांबतात, पेशी भरत जातात. मग झटके, आणि त्यातून वाचलं तर कधी आयुष्यभराचं अपंगत्व. औषध बाळाच्या मेंदूत अर्धवटच चालतं हे कळल्यावर एकच शहाणपण उरतं. ती वेळच येऊ देऊ नये.

त्याचा रस्ता महाराष्ट्रातल्याच एका दुर्गम जिल्ह्याने दाखवला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला फुगा आणि मुखवट्याने श्वास देणं हाही त्या शिकवण्याचा भाग होता. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आले. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला होता. पुढे देशभर आशा कार्यकर्त्या बाळाच्या घरी भेटी देऊ लागल्या, त्या योजनेमागे हा अनुभव आहे.

आमच्या तालुक्यातून दरवर्षी शेकडो जोड्या ऊसतोडीला जातात. त्यातल्या काही बायका गरोदर असतात. कोयता घेऊन पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला कळा कुठं सुरू होतील याचा नेम नसतो. तिथं ना आशाताई, ना फुगा, ना मुखवटा. जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात बाळ पोचेपर्यंत जी मिनिटं जातात, तेवढ्यात क्लोराइडचा हिशेब चुकलेला असतो. हेलसिंकी आणि मार्सेयच्या संशोधनाने आम्हाला एवढं नक्की सांगितलं की ती मिनिटं किती महाग आहेत. उसाच्या टोळीसोबत जाणाऱ्या गरोदर बाईची नोंद कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्रात व्हायला हवी, ही मागणी म्हणूनच मला मेंदूविज्ञानाचा भाग वाटते.

आणि घरात कुणाला झटका आला तर? माणसाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा तान्ह्या बाळाला आला, तर लगेच १०८ ला फोन लावा. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. दुआ जरूर मागा, दम करायचा असेल तर रुग्णवाहिकेत बसून करा. अंगावरची ओढणी सरकली असेल तर ती मात्र पहिल्यांदा नीट करा. चौदाशे वर्षांपूर्वी त्या बाईने एवढंच तर मागितलं होतं.